‘देजा वू’ : समूहस्वर आणि त्यातील भेगा

१

अभिजात ठरलेल्या कलाकृतीचे पुनर्मूल्यांकन करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे नेहमी दोन संहिता असतात. एक ती कलाकृती स्वतः; आणि दुसरी, तिच्याभोवती काळाच्या ओघात साचत गेलेल्या कथनांची. पुष्कळदा ही दुसरी संहिता इतकी दाट होते की पहिली तिच्याखाली दिसेनाशी होते. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग या चौघांची ‘देजा वू’ ही ध्वनिमुद्रिका अटलांटिक कंपनीने ११ मार्च १९७० रोजी प्रसिद्ध केली. दहा गाणी आणि सुमारे छत्तीस मिनिटांचा अवधी एवढाच तिचा विस्तार. मात्र तिच्याविषयी गेल्या अर्धशतकात जे बोलले व लिहिले गेले, त्याने तिला एका पिढीच्या सामूहिक आत्मचरित्राचे स्थान दिले आहे.

या बोलण्यात दोन कथने प्रमुख आहेत. पहिल्यानुसार ‘देजा वू’ हा १९६० नंतरच्या अमेरिकी प्रतिसंस्कृतीचा एकमुखी उद्गार आहे: वुडस्टॉकच्या माळावर जमलेल्या समुदायाचे स्वप्न येथे चार कंठांच्या स्वरमेळातून साकार झाले. दुसरे कथन याच्या नेमके उलट. त्यानुसार ही ध्वनिमुद्रिका म्हणजे त्याच प्रतिसंस्कृतीने सुखवस्तूपणाशी केलेली तडजोड होय. रस्त्यावरचे आंदोलन येथे घरात येऊन शेकोटीजवळ बसले. ही दोन्ही कथने परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. या ध्वनिमुद्रिकेत एक सलग ‘आम्ही’ बोलतो आहे, असे दोन्ही मानतात. एक कथन त्या ‘आम्ही’चा गौरव करते, दुसरे त्याचा धिक्कार करते, इतकाच फरक.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे. ‘देजा वू’मधील ‘आम्ही’ हा आधीपासून अस्तित्वात असलेल्या समूहाचा स्वर नसून, परस्परांपासून दूर जात असलेल्या ‘मी’च्या तुकड्यांतून रचलेला स्वर आहे, आणि या रचनेच्या भेगा संहितेने पूर्णपणे बुजवलेल्या नाहीत. या ध्वनिमुद्रिकेचे वाङ्मयीन आणि ऐतिहासिक महत्त्व त्या भेगांत आहे, अशी या लेखाची भूमिका आहे. लोकप्रिय संगीताच्या एका कृतीची चर्चा साहित्यसमीक्षेच्या क्षेत्रात करण्याचे प्रयोजनही हेच. कर्तृत्व, पाठनिश्चिती, अभिग्रहण आणि परंपरा हे आपल्या शास्त्राचे कळीचे प्रश्न येथे अतिशय ठळकपणे उपस्थित होतात.

२

प्रथम ‘सुपरग्रुप’ या संस्थेचा विचार केला पाहिजे. भिन्न वृंदांत नाव मिळवलेल्या कलावंतांनी एकत्र येऊन नवा वृंद उभारण्याची ही पद्धत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रीम’पासून रूढ होत गेली; १९६९ मधील ‘ब्लाइंड फेथ’ हे तिचे आणखी एक उदाहरण. तिच्या मुळाशी एक वैचारिक विसंगती आहे. लोकसंगीताच्या कल्पनेत कर्ता गौण असतो. गाणे समूहाचे असते आणि गाणारा ते पुढे नेतो. सुपरग्रुपच्या कल्पनेत मात्र कर्त्याचे नाव हेच भांडवल असते. या दोन्ही कल्पना ज्या क्षणी एकत्र आल्या, तो क्षण ‘देजा वू’चा आहे.

२५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने विद्युत्‌-गिटार हाती घेतली, ती घटना फोक-रॉकच्या इतिहासात सीमारेषेसारखी सांगितली जाते. त्याच वर्षी ‘द बर्ड्स’ या वृंदाने डिलनच्या रचनेला बहुकंठी स्वरमेळ आणि विद्युत्‌-वाद्यांची जोड देऊन लोकप्रियता मिळवली होती. डेव्हिड क्रॉस्बी त्या वृंदातला. १९६७ मध्ये त्याला तेथून काढून टाकण्यात आले. स्टीफन स्टिल्स आणि नील यंग हे दोघे ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’मधले, तो वृंद १९६८ मध्ये विस्कटला. ग्रॅहम नॅश हा इंग्लंडमधील ‘द हॉलीज’मधून बाहेर पडलेला. म्हणजे चौघेही कोणत्या तरी मोडलेल्या समूहातून आलेले. त्यांच्या एकत्र येण्याला आदर्शवादाची जेवढी पार्श्वभूमी आहे, तेवढीच करारांचीही. नॅशला अटलांटिक कंपनीकडे येता यावे यासाठी ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’मधील रिची फ्युरे याला प्रतिस्पर्धी कंपनीकडे मोकळे करण्यात आले. खेळाडूंची अदलाबदल करावी तसा हा व्यवहार होता.

वृंदाचे नावही लक्षणीय आहे. त्यात कोणतीही प्रतिमा नाही, रूपक नाही; केवळ आडनावांची यादी आहे. वकिलांच्या किंवा व्यापाऱ्यांच्या भागीदारीच्या पेढीला असावे तसे हे नाव. सर्वांना सामावून घेणाऱ्या एका नावाखाली विरघळून जायचे नाही, असा निर्धार त्यात आहे. तिघांची पहिली ध्वनिमुद्रिका मे १९६९ मध्ये आली. अटलांटिकचा प्रमुख अहमत एर्तेगुन याच्या सूचनेवरून त्यानंतर यंगला घेण्यात आले, तेव्हा त्याचे आडनाव यादीच्या शेवटी जोडले गेले.

येथे एक समकालीनत्व नोंदवण्याजोगे आहे. रोलाँ बार्थचा लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारा निबंध १९६७-६८ मधला, आणि ‘लेखक म्हणजे काय’ हा प्रश्न विचारणारे मिशेल फुकोचे व्याख्यान फेब्रुवारी १९६९ मधले. पॅरिसमध्ये लेखक या संस्थेचे विसर्जन मांडले जात असताना, कॅलिफोर्नियात संगीतव्यवसाय लेखकाचे नाव तबकडीच्या मध्यभागी अधिक ठळकपणे छापत होता. फुकोने ज्याला लेखक-कार्य म्हटले, त्याचे इतके उघडे उदाहरण त्या काळात दुसरे सापडणे कठीण. गाणे कोणाचे, हे ‘देजा वू’च्या श्रोत्याला आधी कळते, समूहाचे म्हणून ते नंतर ऐकले जाते.

३

ध्वनिमुद्रणाचे काम जुलै १९६९ ते जानेवारी १९७० या काळात सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस येथील वॉली हायडर याच्या स्टुडिओंत झाले. बिल हॅल्व्हर्सन ध्वनिमुद्रणाचा अभियंता होता. स्टिल्सच्या अंदाजानुसार या कामाला सुमारे ८०० तास लागले. छत्तीस मिनिटांसाठी ८०० तास, या प्रमाणातच एक अर्थ दडलेला आहे. उत्स्फूर्त सहगायनाचा जो प्रत्यय श्रोत्याला येतो, तो प्रदीर्घ संपादनातून निर्माण केलेला परिणाम आहे. बहुमार्गी ध्वनिमुद्रणामुळे एका गाण्यातले स्वर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मनःस्थितीत मुद्रित करता येतात. एकत्र गाण्यासाठी एकत्र असणे आवश्यक उरत नाही. समूहस्वर हा तंत्राचा आविष्कार होऊ शकतो, याची ही ऐतिहासिक पूर्वअट आहे.

या काळात वृंदातील व्यक्तिगत आयुष्ये ढासळत होती, हेही सर्वज्ञात आहे. क्रॉस्बीच्या सहचरीचा ३० सप्टेंबर १९६९ रोजी मोटार अपघातात मृत्यू झाला. नॅश आणि जोनी मिचेल यांचे नाते शेवटाकडे निघाले होते. स्टिल्सचे जूडी कॉलिन्सशी असलेले नाते तुटले होते. चरित्रात्मक समीक्षा या माहितीवरून गाण्यांचे अर्थ सरळ काढू पाहते. तो मार्ग सोपा असला तरी अपुरा आहे, कारण दुःख आणि रूपबंध यांचा संबंध कारण-कार्याइतका सरळ नसतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: या विखुरलेपणाची खूण संहितेच्या रचनेत कोठे दिसते?

ती प्रथम सहभागाच्या गणितात दिसते. चौघांच्या नावाने निघालेल्या या ध्वनिमुद्रिकेत यंगचा सहभाग दहापैकी निम्म्याच गाण्यांत आहे. ‘टीच युअर चिल्ड्रन’ आणि ‘अवर हाउस’ या सर्वाधिक परिचित गाण्यांत तो नाही. ‘फोर प्लस ट्वेंटी’ हे स्टिल्सचे गाणे तर केवळ त्याचा आवाज आणि त्याची गिटार एवढ्यावरच उभे आहे. त्यात स्वरमेळ घालण्याचा विचार इतरांनीच सोडून दिला. क्रॉस्बीच्या ‘ऑलमोस्ट कट माय हेअर’मध्ये सगळे वादक एकत्र वाजवतात, परंतु गातो तो एकटा. म्हणजे ज्या स्वरमेळासाठी हा वृंद ओळखला जातो, त्याची अनुपस्थिती या ध्वनिमुद्रिकेत ठिकठिकाणी आहे, आणि ती नेमकी अशा जागी आहे जेथे आशय एकाकीपणाचा किंवा भयाचा आहे.

‘ऑलमोस्ट कट माय हेअर’ या गाण्याची बरीच चेष्टा झाली आहे. केस कापावेत की नाहीत, हा प्रश्न राजकीय वक्तव्याचा विषय होऊ शकतो का, असा आक्षेप घेतला जातो. तो आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. या गाण्यातले राजकारण विरळच आहे. तथापि शीर्षकातील ‘जवळजवळ’ या शब्दाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. हे गाणे निर्धाराचे नाही, निर्धार ढळता ढळता राहिल्याचे आहे. वक्ता स्वतःच्या संशयग्रस्त मनाची कबुली देतो, आणि पाठीशी कोणताही सहस्वर नसल्यामुळे ती कबुली उघडी पडते. आवाज चिरका होतो, तो तसाच ठेवला जातो. इतरत्र इतक्या काटेकोरपणे घासूनपुसून घेतलेल्या ध्वनिमुद्रिकेत ही ओबडधोबड जागा मुद्दाम राखली गेली, हे महत्त्वाचे.

याच्या विरुद्ध टोकाला ‘कॅरी ऑन’ हे पहिले गाणे आहे. ध्वनिमुद्रिकेला दमदार आरंभ नाही, असे नॅशला वाटल्यावरून स्टिल्सने ते उशिरा, घाईने सिद्ध केले. पुढे जात राहण्याचे आवाहन करणारे हे गाणे समूहगीताच्या घाटात आहे आणि त्यातील स्वरमेळ विलक्षण सफाईदार आहे. परंतु त्याचा उत्तरार्ध ‘क्वेश्चन्स’ या स्टिल्सच्याच, बफेलो स्प्रिंगफील्डच्या काळातील प्रेमगीतातून उचललेला आहे. सामूहिक आवाहनाच्या पोटात एक जुने, खासगी, अनुत्तरित प्रश्नांचे गाणे दडले आहे. ‘आम्ही’च्या खाली ‘मी’ असतोच. येथे तो शब्दशः पुरलेला आहे.

४

‘कॅरी ऑन’ हा एकमेव अपवाद असता, तर त्याला योगायोग म्हणता आले असते. पण यंगचे ‘कंट्री गर्ल’ तीन तुकड्यांचे आहे आणि त्यातील सामग्रीही बफेलो स्प्रिंगफील्डच्या दिवसांपर्यंत मागे जाते. शेवटचे ‘एव्हरीबडी आय लव्ह यू’ हे स्टिल्स आणि यंग यांच्या दोन अपूर्ण गाण्यांना जोडून बनवलेले. म्हणजे आरंभ, शेवट आणि उत्तरार्धातील सर्वांत भव्य रचना, ही तिन्ही स्थाने जुन्या अवशेषांच्या पुनर्वापराने भरली आहेत. ‘आधीच पाहिलेले’ हा ध्वनिमुद्रिकेच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थ. तो क्रॉस्बीच्या एका गाण्यापुरता राहत नाही. संपूर्ण कृतीचे ते रचनातत्त्व होते.

शीर्षकगीतात क्रॉस्बीने पुनर्जन्माची कल्पना मांडली आहे. येथे आपण पूर्वी होतो, हा संशय गाण्याच्या केंद्रस्थानी आहे. गाण्याची लय मध्येच बदलते, स्वर एकमेकांवर चढतात, जॉन सेबॅस्टियनचा माउथऑर्गन दुरून ऐकू येतो. आणि श्रोत्याला आपण नेमके कोठे आहोत याचे भान काही काळ राहत नाही. भारतीय वाचकाला येथे ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पाचव्या अंकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत अकारण व्याकूळ होतो. आपण काय विसरलो आहोत हे त्याला आठवत नाही, पण काहीतरी विसरलो आहोत हे जाणवते. अभिनवगुप्ताने रसचर्चेत त्या श्लोकाचा विचार केला, तो स्मृतीच्या लौकिक अर्थापलीकडे जाण्यासाठी. विशिष्ट वस्तूचे स्मरण नसताना होणारा हा प्रत्यय त्याला आस्वादाच्या स्वरूपाविषयी काही सांगणारा वाटला.

मात्र हे साम्य फार ताणता येत नाही. कालिदासाच्या नाटकात विस्मृतीच्या मागे शाप आहे आणि पुढे अभिज्ञान आहे. ओळख पटण्याची हमी रचनेतच आहे. ‘देजा वू’मध्ये अभिज्ञानाची मुद्रिका नाही. पूर्वी येथे होतो ही जाणीव आहे, पण कोण होतो, कोणाबरोबर होतो, याचे उत्तर नाही. परंपरेचा भास आहे, परंपरा हाती नाही. फोक-रॉक या प्रकाराची मूळ अडचण याहून नेमकेपणाने कोणी मांडली असेल असे वाटत नाही. लोकगीताची स्मृती ज्या समूहात वाहते, तो समूहच उरलेला नसताना लोकगीताचा स्वर कसा लावावा, ही ती अडचण होय.

या दृष्टीने कर्त्यांचे मूळही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या एका पिढीचा उद्गार म्हणून गणल्या गेलेल्या या ध्वनिमुद्रिकेचे गीतकार पाच: क्रॉस्बी लॉस एंजेलिसचा, स्टिल्स डॅलसमध्ये जन्मलेला, पण नॅश इंग्लंडचा, आणि यंग व मिचेल कॅनडाचे. पाचापैकी तिघे त्या देशाबाहेरून आलेले. यंगच्या ‘हेल्पलेस’मध्ये ओंटारिओतील बालपणीच्या गावाची प्रतिमा येते, तेथे परतता येत नाही, केवळ ती मनात राहते. नॅशच्या ‘टीच युअर चिल्ड्रन’मध्ये जेरी गार्सियाने वाजवलेली पेडल स्टील गिटार अमेरिकी ग्रामीण संगीताचे वातावरण उभे करते. हे वातावरण इंग्लंडच्या औद्योगिक उत्तर भागात वाढलेल्या कवीला जन्माने मिळालेले नाही, त्याने ते निवडलेले आहे. उसनी घेतलेली स्मृती हीच येथे आपली स्मृती होते.

५

समूहस्वराच्या या रचनेत सर्वांत मोठी भेग स्त्रीच्या स्थानाशी पडते. ‘वुडस्टॉक’ हे गाणे जोनी मिचेलचे. १५ ते १८ ऑगस्ट १९६९ दरम्यान झालेल्या त्या महोत्सवाला ती स्वतः नव्हती. दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमासाठी ती न्यूयॉर्कमध्ये थांबली. चौघे मात्र तेथे गायले, आणि तो त्यांचा चौघांचा म्हणून केवळ दुसरा जाहीर कार्यक्रम होता. यंगने स्वतःचे चित्रण करू दिले नाही. म्हणजे त्या घटनेला ज्या गाण्याने मिथकाचे रूप दिले, ते अनुपस्थितीतून लिहिले गेले. आणि उपस्थित असलेल्यांपैकी एक चित्रफितीतून अनुपस्थित राहिला.

मिचेलने हे गाणे १९७० मध्येच स्वतःच्या ‘लेडीज ऑफ द कॅन्यन’ या ध्वनिमुद्रिकेत गायले आहे. विद्युत्‌-पियानोच्या साथीने, संथ लयीत, ते शोकगीताच्या जवळ जाते. स्वर्गोद्यानाकडे परतण्याची इच्छा तेथे जवळजवळ अशक्यप्राय वाटते. चौघांनी त्याच शब्दांना जलद लय आणि तीव्र गिटार दिली, तेव्हा ती इच्छा विजयघोषासारखी झाली. शब्द बहुतांशी तेच, पण उद्गाराचा प्रकार बदलला. पाठ आणि प्रयोग यांतील अंतराचे हे उदाहरण पदव्युत्तर वर्गात शिकवावे इतके स्वच्छ आहे. इतिहासाने मात्र चौघांचा प्रयोग घटनेचे अधिकृत भाष्य म्हणून स्वीकारला, आणि मिचेलची शंका दीर्घकाळ तळटीपेत राहिली.

‘अवर हाउस’ची कथा याला पूरक आहे. लॉरेल कॅन्यनमधील लुकआउट माउंटन अॅव्हेन्यूवरील ज्या घराचे हे गाणे, ते मिचेलच्या मालकीचे होते. नॅशच्या शीर्षकातील ‘आमचे’ हे सर्वनाम प्रेमाने उच्चारलेले असले तरी मालकी, कर्तृत्व आणि दैनंदिन श्रम यांचे प्रश्न ते अलगद झाकून टाकते. गाण्यात स्त्री दिसते ती गृहस्थजीवनाच्या सौम्य चौकटीत. वस्तुतः त्या घरात राहणारी व्यक्ती त्या पिढीतील सर्वांत समर्थ गीतकारांपैकी एक होती, आणि याच तबकडीवरचे मध्यवर्ती गाणे तिने लिहिले होते. ध्वनिमुद्रिका श्रोत्यांच्या हाती आली, त्या सुमारास ते ‘आमचे’पणही संपत आले होते. याचा अर्थ गाणे खोटे आहे असा नव्हे. सुखाचा क्षण टिकणार नाही, ही जाणीव त्याच्या भोळ्या चालीत कोठेच नाही, आणि म्हणूनच आज ते ऐकताना विषण्णता येते. ही विषण्णता संहितेने दिलेली की इतिहासाने, हे सांगणे अवघड आहे.

६

वेष्टनाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ‘देजा वू’च्या बाबतीत वेष्टन हा संहितेचाच भाग आहे. गॅरी बर्डनच्या कलादिग्दर्शनाखाली, चामड्याचा स्पर्शाभास देणाऱ्या जाड कागदावर सोनेरी अक्षरे आणि जुन्या टिनटाइप पद्धतीच्या धर्तीचे तपकिरी छायाचित्र, असे त्याचे रूप आहे. एकोणिसाव्या शतकातील कौटुंबिक छायाचित्रसंग्रह उघडावा तसा भास व्हावा, ही योजना. वॉल्टर बेंजामिनने यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगात कलावस्तूचे तेजोवलय क्षीण होते असे म्हटले होते. येथे लाखो प्रतींच्या यांत्रिक पुनरुत्पादनातून तेच तेजोवलय कृत्रिमरीत्या घडवले जाते.

पण या छायाचित्राचे आणखी एक वाचन टाळता येत नाही. त्यातील वेशभूषा अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातली आहे, आणि स्टिल्स दक्षिणेकडील संघराज्याच्या, म्हणजे गुलामगिरीच्या रक्षणासाठी लढलेल्या पक्षाच्या, सैनिकाच्या वेशात आहे. त्याच चित्रात बासवादक ग्रेग रीव्ज हा कृष्णवर्णीय तरुणही आहे. वेष्टनावर चौघांची नावे मोठ्या अक्षरांत आणि ड्रमवादक डॅलस टेलर व रीव्ज यांची लहान अक्षरांत आहेत. दोघांनाही लवकरच वृंदाबाहेर जावे लागले. ज्या कंपनीची उभारणी १९४७ पासून प्रामुख्याने कृष्णवर्णीय संगीतावर झाली, तिच्या या अत्यंत यशस्वी ध्वनिमुद्रिकेने भूतकाळाचे जे चित्र निवडले, ते असे होते. हा हेतुपुरस्सर संदेश होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो हौशी वेशांतराचा भाग होता. परंतु विचारप्रणाली जेथे हेतू नसतो तेथेच अधिक मोकळेपणाने वावरते. भूतकाळाकडे परतण्याची ओढ असणाऱ्याने, तो भूतकाळ कोणाचा, हा प्रश्न विचारला नाही, ही प्रतिसंस्कृतीची मर्यादा येथे अक्षरशः चित्रित झाली आहे.

७

अभिग्रहणाच्या इतिहासाकडे वळू. प्रसिद्धीपूर्व मागणीच वीस लाख डॉलरांची होती, आणि मे १९७० मध्ये ध्वनिमुद्रिका ‘बिलबोर्ड’च्या सूचीत प्रथम स्थानी पोचली. समीक्षकांचा प्रतिसाद मात्र संमिश्र होता. ‘रोलिंग स्टोन’मध्ये लँग्डन विनरने तिच्या अतिगोडपणावर बोट ठेवले, रॉबर्ट क्रिस्टगाऊने तिला ‘बी उणे’ श्रेणी दिली. हान्स रॉबर्ट याउसच्या परिभाषेत सांगायचे तर, अपेक्षेचे क्षितिज आणि कृती यांत अंतर न उरणे, हे या समीक्षकांना कृतीचे न्यून वाटले. श्रोत्याला जे ऐकायचे होते तेच तिने दिले.

पण त्याच मे महिन्यात क्षितिजच बदलले. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. यंगने ‘ओहायो’ हे गाणे लिहिले, २१ मे रोजी ते मुद्रित झाले आणि जूनमध्ये बाजारात आले. त्या वेळी ‘टीच युअर चिल्ड्रन’ सूचीत वर चढत होते. त्याच्या यशाची किंमत देऊन वृंदाने ‘ओहायो’ पुढे केले. एकीकडे मुलांना आणि वडीलधाऱ्यांना परस्परांकडून शिकण्याचा सौम्य सल्ला, आणि दुसरीकडे मुले गोळ्यांनी मारली गेल्याची बातमी: दोन पिढ्यांमधील संवादाची एक शक्यता काही आठवड्यांत इतिहासजमा झाली. ‘देजा वू’ला सहा महिने लागले होते, ‘ओहायो’ला काही दिवस पुरले. समूहस्वर येथे रचावा लागला नाही. बाहेरच्या घटनेने तो दिला.

‘ओहायो’ या ध्वनिमुद्रिकेत नाही, तरी आज ‘देजा वू’ ऐकणारा श्रोता ते अदृश्य अकरावे गाणे ऐकल्याशिवाय राहत नाही. कृतीचा अर्थ तिच्या कडांपाशी संपत नाही, याचा हा पुरावा. मात्र याच कारणाने ‘ओहायो’चे धैर्य पूर्वलक्षी प्रभावाने ‘देजा वू’ला बहाल करण्याची चूक अनेक गौरवलेखांतून झाली आहे. ती टाळली पाहिजे. १९७० च्या उन्हाळ्यातील दौऱ्यानंतर वृंद विखुरला, आणि सप्टेंबर १९७० ते मे १९७१ या अवधीत चौघांच्या चार स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाल्या. चौघांची एकत्रित नवी स्टुडिओ ध्वनिमुद्रिका यायला १९८८ साल उजाडावे लागले.

८

मे २०२१ मध्ये ‘देजा वू’ची विस्तारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ दहा गाण्यांसोबत कच्चे मसुदे, वगळलेली गाणी आणि पर्यायी पाठ अशी ३८ मुद्रणे तीत आहेत. ‘अवर हाउस’चा नॅश आणि मिचेल यांनी मिळून गायलेला मसुदा, माउथऑर्गन असलेले ‘हेल्पलेस’, वेगळ्या गायनाचे ‘वुडस्टॉक’ ही त्यांपैकी महत्त्वाची. यंगचे ‘बर्ड्स’ येथे नॅशच्या साथीने ऐकू येते. यंगने ते पुढे स्वतःच्या ‘आफ्टर द गोल्ड रश’मध्ये घेतले. उत्तम गाणी समूहाकडे येऊनही समूहात थांबली नाहीत, हे त्यावरून कळते.

पाठचिकित्सेची परंपरा असलेल्या आपल्या अभ्यासकांना येथे एक परिचित प्रश्न भेटतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा वि. सी. सुकथनकर यांच्यापुढील समस्या अशी होती की मूळ पाठ हाती नाही आणि पाठभेद मात्र असंख्य आहेत. त्यांतून प्राप्य असा प्राचीनतम पाठ निश्चित करायचा. ‘देजा वू’ची स्थिती उलटी आहे. अंतिम पाठ निर्विवाद आहे, पन्नास वर्षे तोच ऐकला गेला; पाठभेद मागाहून आले, आणि तेही विक्रेय वस्तू म्हणून. त्यांना अंतिम पाठाहून अधिक ‘खरे’ मानण्याचा मोह होतो. ‘वुडस्टॉक’साठी स्टिल्सने प्रथम गायलेले आणि नंतर बदललेले गायनच अधिक जिवंत होते, असे यंगचे मत प्रसिद्ध आहे. तरीही मसुदा म्हणजे सत्य आणि संस्कार म्हणजे असत्य, हे समीकरण रोमँटिक भाबडेपणाचे आहे. संस्कार हाच येथे अर्थाचा भाग आहे. इतक्या श्रमाने ‘आम्ही’ घडवावा लागला, ही गोष्ट पर्यायी पाठांमुळे अधिक स्पष्ट होते. अंतिम पाठ त्यामुळे रद्द होत नाही. तो वाचायचा कसा हे कळते.

मूल्यनिर्णय करावयाचा तर तो सम्यक असावा. ‘कंट्री गर्ल’ आपल्याच वाद्यभाराखाली दबते. ‘एव्हरीबडी आय लव्ह यू’ हा शेवट केवळ जोडकामाचा आहे, आणि सर्वांवर प्रेम असल्याची त्याची घोषणा कोणालाच उद्देशून नसल्यासारखी वाटते. याउलट ‘हेल्पलेस’, ‘फोर प्लस ट्वेंटी’ आणि शीर्षकगीत ही तीन गाणी काळाच्या कसोटीवर सर्वाधिक टिकली आहेत, आणि तिन्ही कोणत्या ना कोणत्या प्रकारे एकाकीपणाची आहेत. समूहाच्या मिथकासाठी प्रसिद्ध असलेल्या कृतीचे उत्तमांश समूहाच्या अशक्यतेविषयी बोलतात.

१८ जानेवारी २०२३ रोजी क्रॉस्बीचे निधन झाले, आणि चौघे पुन्हा एकत्र येण्याची शक्यता कायमची मिटली. ध्वनिमुद्रिका आता खऱ्या अर्थाने इतिहासाच्या स्वाधीन झाली आहे. तिला एका पिढीचे राष्ट्रगीत मानणारे आणि त्या पिढीच्या ऱ्हासाचे लक्षण मानणारे, दोघेही तिच्याकडून समूहाविषयीचा एक निश्चित निर्णय मागतात. तो ती देत नाही. माणसांना एकत्र गाण्याची गरज किती खोल असते आणि ती पुरी करणे किती कठीण असते, हे मात्र ती एकाच वेळी ऐकवते. समूहाची भाषा बोलणाऱ्या कोणत्याही वाङ्मयीन चळवळीच्या इतिहासकाराने, ‘आम्ही’ हे सर्वनाम समोर आल्यावर, ते कोणी, कोणाला वगळून आणि किती श्रमाने घडवले, हे प्रथम विचारावे. ‘देजा वू’च्या पुनर्वाचनातून निदान एवढी पद्धती तरी हाती लागते.